शुगर लँडच्या सर्व्हेकाकू

सर्व्हेकाकू कुणाच्याही घरी प्रश्न विचारायला जाताना मेथीची जुडी घेऊन जायच्या. भेट म्हणून नाही, निवडायला. इंडियन ग्रोसरीच्या पिशवीतून जुडी काढायची, घरातल्या बाईकडून एक ताट मागून घ्यायचं, अर्धी जुडी स्वतःपुढे आणि अर्धी तिच्यापुढे ठेवायची. मग मान खाली घालून पानं खुडता खुडता त्या विचारायच्या, "गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी लागून राहिली तुला?" समोरची बाईही पानं खुडत असायची, त्यामुळे कुणालाच कुणाच्या डोळ्यांत बघावं लागायचं नाही. दहा मिनिटांत ती बाई असं काहीतरी सांगायची जे तिने आपल्या बहिणीलाही सांगितलेलं नसायचं. काकू म्हणायच्या, "हात रिकामे असले की माणूस सांभाळून बोलतो."

मी त्यांच्या शेजारी बसून लिहून घ्यायचे. पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करून मी ह्यूस्टनमधल्या एका विद्यापीठाच्या अभ्यासात नोकरीला लागले होते. शुगर लँडसारख्या आजूबाजूच्या उपनगरांतल्या भारतीय कुटुंबांत मुलं आणि आई-बाप मनाने कसे आहेत, हे त्यांच्या घरी जाऊन विचारायचं, असा तो अभ्यास होता. मला मराठी येतं म्हणून घेतलं होतं, पण माझं मराठी पुण्यातल्या इंग्रजी शाळेतलं, आठवड्याला चार तासांचं. शिवाय अनोळखी घराची बेल वाजवायची म्हटलं की मी आधी गाडीत बसूनच वेळ काढायचे. काकूंना विद्यापीठाने समाजातला ओळखीचा माणूस म्हणून नेमलं होतं. त्या मूळच्या नागपूरच्या. काका तेलकंपनीत इंजिनीअर होते, ते जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा दूर उत्तरेला, बेलव्ह्यूला. मराठी मंडळातल्या निम्म्या बायकांच्या बाळंतपणात त्यांनी डिंकाचे लाडू पोचवले होते, त्यामुळे त्यांच्यासाठी दार उघडायचंच. सर्व्हेकाकू हे नाव मुलांनी पाडलं होतं. मला त्या पहिल्या दिवसापासून "मुके" म्हणायच्या. "काय गं मुके, आज दोन वाक्यं बोलशील का एकच?"

प्रश्नांचं मराठी भाषांतर मी केलं होतं. एक आठवडा शब्दकोश उघडून बसले होते. काकूंनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "आपणांस नैराश्याची भावना कितपत ग्रासते? अगं बाप्पा, हे वाचून चांगला माणूसही आजारी पडेल." मग स्वयंपाकघरात उभ्या राहूनच त्यांनी ते सगळं बदललं. कशात मन लागत नाही असं होतं का. उगाच रडू येतं का. घरात माणसं असून एकटं वाटतं का. आमच्या प्रोफेसर अमेरिकन होत्या. त्यांनी ते पुन्हा इंग्रजीत करून घेतलं, दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं आणि काकूंचंच ठेवलं.

नवऱ्यांची त्यांच्याकडे वेगळी सोय होती. बायकोला प्रश्न विचारला की शेजारच्या खोलीतून नवऱ्याचं उत्तर यायचं: "तिला कसला ताण, ती घरीच असते." काकू त्याच्यावर चिडायच्या नाहीत. आपल्या जुन्या गाडीची किल्ली पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या टायरमधली हवा बघता का जरा? डावीकडचं बसल्यासारखं वाटून राहिलं." गॅरेजमधला छोटा पंप काढून, बाहेरच्या दमट उन्हात चारही चाकं तपासून तो आत येईपर्यंत आमची फॉर्मची निम्मी पानं भरलेली असायची. शुगर लँडमध्ये इतकी तपासलेली टायर दुसऱ्या कुणाचीच नसतील, असं मी एकदा म्हटलं, तेव्हा काकू एवढ्या हसल्या की त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली. माझ्या एखाद्या वाक्यावर कुणी एवढं हसल्याचं मला आठवत नाही.

विद्यापीठाने टॅब्लेट दिले होते. काकूंनी ते डिकीतच ठेवले आणि कागदी फॉर्म मागून घेतले. तेही पेन्सिलीने भरायचे. पेनाने लिहायला दिलं की आपली माणसं सही करत असल्यासारखी घाबरतात, सगळीकडे "ठीक" लिहून मोकळी होतात, असं त्यांचं म्हणणं. पेन्सिल दिली की खरं लिहितात, कारण खोडता येतं. आणि एकदा खरं लिहिलं की कुणी खोडत नाही. हे शेवटचं त्या खात्रीने सांगायच्या.

बारा वर्षांच्या पुढच्या मुलांचा फॉर्म वेगळा, इंग्रजीत. तो मी मुलाच्या खोलीत बसून भरून घ्यायचा. त्यात नववा प्रश्न असा होता, की गेल्या दोन आठवड्यांत आपण मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असं कधी वाटलं का. "कधीच नाही" सोडून काहीही उत्तर आलं तर घरातून निघण्याआधी अभ्यासाच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करायचा आणि मुलाला एकटं सोडायचं नाही. आई-बाप सुरुवातीलाच तशी संमती देऊन सही करत. फॉर्म मी आणायचा, पण तो प्रश्न तपासायचं काम काकूंचं, कारण फोन करायची वेळ आलीच तर आई-बापांशी बोलणं मला जमलं नसतं. हे प्रोफेसरांनीच ओळखून ठरवलं होतं.

मोठ्यांच्या फॉर्ममध्येही तोच प्रश्न होता आणि तिथे काकूंची एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. बाकीचे सगळे प्रश्न त्या मोठ्याने वाचायच्या. हा एक प्रश्न आला की फॉर्म समोरच्याकडे सरकवायच्या, त्यावर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हा तुम्हीच वाचा." पन्नासएक घरं आम्ही केली, पण त्यांच्या तोंडून तो प्रश्न मी ऐकला नाही. एकदा मी गाडीत कारण विचारलं. सिग्नल सुटल्यावर त्यांनी गाडी पुढे घेतली. मग म्हणाल्या, "ज्या घरात तो शब्द काढतात, त्या घरात तो राहायला येतो. माझी आई म्हणायची." ट्रेनिंगमध्ये याच्या नेमकं उलट शिकवलं होतं: स्पष्ट विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार येत नाही, उलट त्याला हलकं वाटतं. काकूंनी ते माझ्यासोबत बसून ऐकलं होतं, त्याखाली सहीसुद्धा केली होती. मी त्यांना त्याची आठवण करून दिली नाही.

सप्टेंबरात आम्ही मंजिरीताईंच्या घरी गेलो. त्यांची मुलगी अन्वी पंधरा वर्षांची. अन्वी जन्मली तेव्हा मंजिरीताईंच्या आईला व्हिसा मिळाला नव्हता, म्हणून पहिले चाळीस दिवस काकूच त्यांच्याकडे राहिल्या होत्या. बाळाला न्हाऊमाखू त्यांनी घातलं होतं. म्हणजे ते घर अभ्यासासाठी निवडायलाच नको होतं. पण काकूंच्या ओळखीचं नाही असं घर मिळणार कुठून. त्या दिवसांत घरात एक वेगळीच टांगती तलवार होती. मंजिरीताईंच्या नवऱ्याची, निखिलची, नोकरी गेली होती. वर्क व्हिसावर असताना नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी मिळवायची, नाहीतर सगळ्यांनी परत जायचं. त्यांचे एकोणीस दिवस उरले होते. हे मला मंजिरीताईंनी स्वतःहून दारातच सांगितलं.

अन्वीने फॉर्म पटकन भरला. पेन्सिल अगदी हलकी टेकवून बारीक गोल काढले आणि घडी करून माझ्या हातात दिला. ती मला म्हणाली, "तुम्ही वाचता का हे, की फक्त कंप्युटर वाचतो?" आम्ही वाचतो, असं मी सांगितलं. तिने मान हलवली.

खाली येऊन मी फॉर्म काकूंना दिला. त्यांनी तो उघडला, नवव्या प्रश्नावर गेल्या, आणि त्यांचा चेहरा विझला. मला म्हणाल्या, "तू गाडीत जाऊन एसी लाव." मी दारात बुटाच्या नाड्या बांधायला बसले. त्या मी गरजेपेक्षा बराच जास्त वेळ बांधल्या. आतून मंजिरीताईंचा आवाज आला: "काकू, फोन नका करू. पाया पडते तुमच्या. आत्ता कुणी बाहेरचं घरी चौकशीला आलं आणि फाइलवर काही लागलं तर आम्ही संपलो. मी बघते तिच्याकडे. आणि तुम्ही आहात ना." काकू काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.

त्या फोनचा व्हिसाशी काहीही संबंध नव्हता. ते मला माहीत होतं, संमतीच्या पहिल्याच पानावर लिहिलंही होतं. आत जाऊन एवढं एक वाक्य सांगायचं होतं. मी गाडीत जाऊन एसी लावला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी फॉर्मवरची उत्तरं आकड्यांत कंप्युटरवर भरत होते, "कधीच नाही"ला शून्य. अन्वीच्या नवव्या प्रश्नापुढे "कधीच नाही" वर गोल होता, दाबून काढलेला, काळा. त्याच्या शेजारी "बरेच दिवस" वरचा कागद घासला जाऊन खरखरीत झाला होता आणि खाली हलका गोल अजून दिसत होता. मी काकूंना फोन केला आणि विचारलं. "पोरीने स्वतःच बदललं," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर." मग म्हणाल्या, "तू शून्य टाक." गाडीतून मला दाराच्या काचेमागचा जिना दिसत होता: फॉर्म पुन्हा वर गेला नव्हता, अन्वी खाली आली नव्हती. मी शून्य टाकलं.

त्यानंतर काकू रोज त्या घरी जाऊ लागल्या. अन्वीची शाळेची बस यायच्या आधी दारात हजर. कधी साबुदाण्याची खिचडी, कधी तिला आवडतात म्हणून अळूवड्या. तिला शेजारी बसवून गाडी चालवायला शिकवायच्या, केसांना तेल लावून द्यायच्या, तिच्या गणितातलं काही कळत नसूनही वही उघडून बसायच्या. मला फोनवर सांगायच्या: आज दोन पोळ्या खाल्ल्या, आज हसली, आज माझी नक्कल केली. "माणसाला माणूस लागतं गं, फोन नंबर नाही लागत." त्यांच्या आवाजात असं काही असायचं की मलाही वाटायला लागलं, कदाचित हेच बरोबर असेल. तीन आठवड्यांत त्यांनी एकदाही दांडी मारली नाही. अठराव्या दिवशी निखिलला नोकरी मिळाली. त्या घरात पेढे वाटले गेले, काकूंनी माझ्यासाठी दोन पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून आणले. "सुटली आता पोर," त्या म्हणाल्या. तीन आठवडे पुरे झाल्यावरचा तो शुक्रवार. त्या दिवशी त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांची कितीदा पुढे ढकललेली अपॉइंटमेंट घेतली आणि त्या घरी गेल्या नाहीत.

त्या दुपारी अन्वीने स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला. मंजिरीताई ग्रोसरीची यादी घरी विसरल्या म्हणून अर्ध्या वाटेतून परत आल्या, त्यामुळे ती वाचली. त्याबद्दल यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही. तिला इतके दिवस काय होत होतं, तेही नाही. ते तिचं आहे.

चौथ्या दिवशी हॉस्पिटलने आम्हाला दहा मिनिटं आत सोडलं. काकूंनी वरणभाताचा डबा आणला होता, तो आत नेऊ दिला नाही, म्हणून त्यांचे हात मोकळेच होते. अन्वी भिंतीकडे तोंड करून पडली होती. काकूंनी तिच्या पायावर हात ठेवला. ती वळली, पण काकूंकडे न बघता माझ्याकडे बघून बोलली. "आय रोट इट. मी तुमच्या फॉर्मवर लिहिलं होतं. मी वेट करत होते कोणीतरी विचारेल म्हणून. नोबडी आस्क्ड."

काकू म्हणाल्या, "मी रोज येत होते ना बाळा."

"हो," अन्वी म्हणाली. "खायला घेऊन."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. काकू तशाच उभ्या राहिल्या. नर्सने वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा मी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर आणलं. एवढ्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच हात लावला होता.

पार्किंग लॉटमधूनच त्यांनी मला विद्यापीठाकडे गाडी घ्यायला सांगितली. त्या दिवशी मी चालवत होते. प्रोफेसरांसमोर बसून त्यांनी आपल्या तुटक इंग्रजीत सगळं सांगितलं: उत्तर काय होतं, कुणी खोडलं, का खोडलं. मंजिरीताईंनी गयावया केली होती, हे मात्र सांगितलं नाही. "आय थॉट, आय विल सेव्ह हर मायसेल्फ," असं म्हणाल्या. प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलण्याआधी काकूच म्हणाल्या, "ही गाडीत बसली होती. हिला काही माहीत नाही." मी टेबलाकडे बघत राहिले. टेबलावर टिश्यूचा डबा होता आणि त्यातला टिश्यू कुणीच घेत नव्हतं.

काकूंना अभ्यासातून काढलं, ते योग्यच होतं. विद्यापीठाने चौकशी केली, पन्नास घरांचे कागद पुन्हा तपासले. दुसरी कुठलीही खाडाखोड सापडली नाही. मंडळात मात्र तऱ्हेतऱ्हेचं बोललं गेलं. कुणी म्हणे, बाईंना नसती लुडबुड करायची सवयच होती. ज्यांच्या घरी त्यांचे लाडू गेले होते, त्यांनीही फोन उचलणं बंद केलं, कारण आपण मेथी निवडताना काय काय बोलून गेलो ते आता त्यांना आठवत होतं. ऑक्टोबरात काकूंनी मला मंजिरीताईंच्या घरी न्यायला सांगितलं. बेल वाजवली. आत पावलं वाजली, दाराच्या काचेमागे कुणीतरी थांबलं आणि दार न उघडता परत गेलं. परतताना मला राहवलं नाही. फोन करू नका म्हणून त्याच पाया पडत होत्या, असं मी म्हणाले. काकू म्हणाल्या, "ती आई आहे, ती पाया पडणारच. नाही म्हणायचं काम माझं होतं."

नोव्हेंबरात मुलाने येऊन घर विकायला काढलं आणि त्यांना बेलव्ह्यूला नेलं. विमानतळावर मी त्यांना सांगणार होते, की मला माहीत होतं, खडबडीत कागदावर मी बोट फिरवून पाहिलं होतं. बॅगा चेक इन झाल्या, त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि माझं वाक्य तोंडातच राहिलं. त्या म्हणाल्या, "मुके, तुला माहीत होतं ते मला माहीत आहे. ते मनात घेऊन बसू नको. पण पुढच्या वेळेला बोल."

प्रोफेसरांना खरं सांगायला मला आणखी दोन महिने लागले. त्यांनी फक्त विचारलं, "इतके दिवस का?" मला घरभेटींवरून काढून वर्षभर पुन्हा शिकायला बसवलं. मग परत पाठवलं.

काकू रविवारी फोन करायच्या. तिथला पाऊस संपत नाही, नातवंडं इंग्रजीतच उत्तरं देतात, असं सांगायच्या. अन्वीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. चौथ्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा मेसेज आला. हृदयविकाराचा झटका, झोपेतच. अंत्यविधीची लिंक पाठवली होती. उघडली तर स्क्रीनवर कोपऱ्यात अकरा माणसं दिसत होती. शुगर लँडमधलं माझ्याखेरीज कुणी दिसलं नाही, एक चौकोन मात्र नुसता काळा होता. नाव नव्हतं, कॅमेरा बंद होता.

चार दिवसांनी मी गाडी चालवत असताना अन्वीचा फोन आला. ती आता ऑस्टिनला कॉलेजात आहे, दर आठवड्याला समुपदेशकाकडे जाते. तिने माझा नंबर तिच्या आईकडून घेतला होता. आईनेच लिंक लावली होती, पूर्ण वेळ बसून होती, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "मला एकच विचारायचंय. शी डिडन्ट नो, राइट? रोज यायच्या, पण त्यांना माहीत नव्हतं ना?"

नव्हतं, असं म्हणणं किती सोपं होतं. काकू तर गेल्याच होत्या.

"त्यांना माहीत होतं," मी म्हणाले. "त्यांनी वाचलं होतं. म्हणूनच यायच्या. आणि मलाही माहीत होतं."

पलीकडे कुणीतरी मोठ्याने हसत जिन्यावरून गेलं. मग तिने विचारलं, "मग विचारलं का नाही?"

"घाबरलो," मी म्हणाले. "विचारलं तर खरं होईल असं त्यांना वाटायचं. मला कशाचीच खात्री नव्हती, मी नुसतीच घाबरले."

"आता विचाराल?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद केलं. आणि गेल्या दोन आठवड्यांबद्दलचा तो प्रश्न मी तिला सरळ, तिच्या नावासकट, शब्द न बदलता विचारला.

"समटाइम्स," अन्वी म्हणाली. "आधीसारखं नाही. पण समटाइम्स."

शेवटचं कधी, असं मी विचारलं, आणि ती सांगू लागली.